आयसोलेटर लावूनही यूएसबी तुटतंय, काय करू? (बजेट १५०० रु.)

रबाळे_पॅनल: नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं पॅकिंग मशीन आहे, त्याचं तापमान आणि मोटरचा करंट लॉग करायला मी बोर्ड बनवलाय. पीसीकडून यूएसबी, मग एडीयूएम४१६० (यूएसबीच्या दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारी आयसोलेटर चिप), पलीकडे एसटीएम३२ (बोर्डचा मायक्रोकंट्रोलर), त्याला सप्लाय बी०५०५एस या छोट्या आयसोलेटेड ५ व्होल्ट कन्व्हर्टरमधून. एरवी मस्त चालतं पण मोठा कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा पॉवर स्विच) पडला, म्हणजे बंद झाला, की यूएसबी गायब, लिनक्सच्या लॉगमध्ये ‘डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?’ (म्हणजे बाहेरच्या विद्युत गोंधळाचा संशय) अशी ओळ येते. केबल दीड मीटर, शील्डवाली. बोर्ड पॅनलमध्येच, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वर. १५०० च्या आत काय होईल? पीसी बदलायचा नाही.

वागळे_गाळा: आधी अर्थिंग बघा. आमचा पिट कोरडा पडला होता, मीठ-कोळसा टाकून पाणी सोडलं, तेव्हापासून तक्रारच नाही.

कोपरी_टेक: मी सरळ रेडीमेड ४८० एमबीपीएसचा आयसोलेटर घेतला. महाग पडतो पण काम एकदम पक्कं. स्वस्तात करायला गेलं की असंच होतं.

रबाळे_पॅनल: दादा, माझं एसटीएम३२ फुल स्पीडच आहे, १२ एमबीपीएस. ४८० चं मी काय करू? आणि बजेट वर लिहिलंय.

घणसोली_सोल्डर: आयसोलेटर चिप ठीकच असणार, बी०५०५एसकडे बघा. त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये थोडं कपॅसिटन्स असतंच. समजा ६० पीएफ धरलं आणि कॉन्टॅक्टर पडताना ५ व्होल्ट पर नॅनोसेकंद असा झटका आला, तर ०.३ अँपियर त्यातून पीसीच्या बाजूला जातो. डीसीला बॅरियर (दोन बाजूंमधली आयसोलेशनची भिंत) आहे, इतक्या झटपट बदलणाऱ्या व्होल्टेजला नाही. म्हणून त्या करंटला दुसरी सोपी वाट द्या: एसटीएम३२ बाजूचा ग्राउंड एका कपॅसिटरमधून पॅनलच्या बॉडीला, वायर अगदी आखूड आणि जाड, पेंट खरवडून बोल्टखाली. चिपखाली कॉपर ओतलं असेल तर तेही काढा. पीसीच्या बाजूला डेटा लाइनवर कॉमन मोड चोक (दोन्ही तारांवर एकाच दिशेने येणारा झटका अडवणारी कॉइल) टाका.

ऐरोली_७२: त्यापेक्षा बॅरियरवरच वाय कपॅसिटर (आयसोलेशनवर लावायचा सेफ्टी कपॅसिटर) टाका ना, दोन्ही ग्राउंडमध्ये, १ एनएफ. सगळे तेच करतात.

घणसोली_सोल्डर: ते स्वतःच्या बोर्डाचा आवाज (इलेक्ट्रिकल नॉइज) बाहेर पडू नये म्हणून. इथे आवाज बाहेरून येतोय, १ एनएफ टाकलात तर त्याला पीसीकडे जायचा रस्ताच रुंद करून दिलात.

ऐरोली_७२: माझ्या बोर्डवर आहे आणि चालतोय, एवढंच सांगतो.

तुर्भे_इलेक्ट्रिक: अहो, आवाज जिथून निघतो तिथे कोणी बघणार की नाही? कॉन्टॅक्टरची कॉइल २३० एसी असेल तर तिच्यावर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर एक्स२ (मेन्सवर लावायच्या सेफ्टी) प्रकारचाच. शंभर-दोनशेत भागतं. मोटर केबलचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा, आणि यूएसबी केबल मोटर केबलपासून लांब, क्रॉस करायचीच तर काटकोनात.

कळवा_मेंटेनन्स: स्नबर कशाला, डायोड लावा, रुपयाचं काम.

तुर्भे_इलेक्ट्रिक: एसी कॉइलवर डायोड? अर्ध्या सायकलला सप्लाय सरळ शॉर्ट होईल. डायोड फक्त डीसी कॉइलला. कृपा करून कोणी करू नका.

कोपरी_टेक: पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातूनच आणा, ऑनलाइन डुप्लिकेट येतात.

ऐरोली_७२: मला लॅमिंग्टन रोडवरच मार्किंग पुसलेल्या चिपा मिळाल्या होत्या, दुकानदार परत घ्यायला तयार नाही. एवढा लोकलचा प्रवास करून हे. आता मी ऑनलाइनच मागवतो.

वागळे_गाळा: परत सांगतो, अर्थिंग.

रबाळे_पॅनल: सगळ्यांचे आभार. कॉइल २३० एसीच आहे. मालकांशी बोललो, त्यांना लाइव्ह काही नकोय, शिफ्ट संपल्यावर आकडे मिळाले की झालं. म्हणून मी यूएसबीच काढतोय. बोर्डवर एसपीआयच्या (चिपला कार्डसारखे पार्ट जोडायच्या) पिना मोकळ्या आहेत, एसडी कार्डचं सॉकेट लावणार, सप्लाय पॅनलच्या २४ व्होल्टमधून, कार्ड ऑपरेटर काढून ऑफिसात देईल. खर्च पाचशेच्या आत.

घणसोली_सोल्डर: पीसीचा प्रश्न सुटेल, पण कार्डवर लिहिताना झटका आला तर फाइल खराब होईल ना. स्नबर तरी लावून घ्या.

तुर्भे_इलेक्ट्रिक: तेच म्हणतोय मी कधीपासून.

रबाळे_पॅनल: आधी कार्डवर चालवून बघतो. सॉकेट कालच ऑर्डर केलं.