ब्रेकचा लाल दिवा : ऑइल भरण्याआधी पॅड बघा

गाडीच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा मधेच लागत असेल तर हँडब्रेकचा स्विच तपासा, असा सल्ला दिला जातो, तो अगदी बरोबर. हँडब्रेकचा लिव्हर हाताने जरा वरखाली केल्यावर दिवा लुकलुकला तर दोष तिथेच आहे. पण त्यालाच जोडून 'नाहीतर ब्रेक ऑइल टॉप-अप करा, दिवा जातो' असंही सांगतात, ते मला पटत नाही. दिवा जाईल, पण तो लागण्याचं मूळ कारण तसंच राहील.

माझ्या गाडीचा दिवा कात्रजचा घाट उतरताना लागायचा आणि स्वारगेटला पोचेपर्यंत विझलेला असायचा. ब्रेक ऑइल डबीवरच्या 'मिन'च्या (किमान पातळीच्या) रेघेला टेकलं होतं, त्यामुळे उतारावर ते डबीत एका बाजूला सरकलं की फ्लोट (पातळीवर लक्ष ठेवणारा तरंगता भाग) खाली बसायचा आणि दिवा लागायचा. गळती कुठेच नव्हती. मग ऑइल गेलं कुठे? पॅड (चाकाच्या डिस्कवर दाबले जाऊन गाडी थांबवणारे) झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं. चाक काढून बघितलं तर पॅड जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उरलेले! नवे बसवताना पिस्टन मागे ढकलला आणि डबीतलं ऑइल आपोआप वर चढलं, थेंबभरही घालावं लागलं नाही. आधी टॉप-अप केलं असतं तर ते तेव्हा बाहेर सांडलं असतं, आणि हे ऑइल गाडीचा रंग खातं (सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा).

पॅड चांगले जाड असूनही ऑइल उतरत असेल, किंवा पेडल मऊ लागून खोल जात असेल, तर मात्र गळती धरून चला. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकच्या आतली गळती बाहेरून दिसतही नाही. अशी गाडी कृपया चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.