अनुभव धागा: आपली हरणारी टीम आणि प्लेऑफचे दिवस

सॅकवासी

एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणाऱ्या मंडळींनो, ज्यांची टीम वर्षानुवर्षं मार खाते आणि एखाद्या एप्रिलला अचानक प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) घुसते त्यांच्यासाठी हा धागा. त्या दिवसांत घरात, ऑफिसात, डोक्यात काय चालू होतं ते लिहा. ट्रॉफ्यांचा ढीग असलेल्या लेकर्सवाल्यांनी वाचायला जरूर यावं. आरसीबी इथे आणू नका प्लीज, त्यासाठी वेगळा धागा काढा.

माझ्यापासून सुरुवात. सॅक्रामेंटो किंग्ज. २००६ नंतर सलग १६ सीझन प्लेऑफ नाही, एनबीएत एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्याच नशिबी आलेला नाही. मधे २०१३ ला टीम सिएटलला जायच्या बेतात होती, मग विवेक रणदिवे (मुंबईत जन्मलेला आपला माणूस) आणि मंडळींनी विकत घेतली म्हणून गावात राहिली. आणि २०१८ च्या ड्राफ्टबद्दल (नव्या खेळाडूंची नंबरवार निवड) मी बोलणार नाही. बरं बोलतो. दुसरा नंबर हातात असताना पुढे सुपरस्टार झालेल्या लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅग्ली घेतला. झालं, बोललो.

तर २०२२-२३ ला माइक ब्राउन कोच म्हणून आला आणि डिएरॉन फॉक्स आणि सबोनिस असे काही खेळायला लागले की ४८ मॅच जिंकून आम्ही वेस्टमध्ये (लीगच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात) तिसरे. जिंकलं की स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायचे, लाइट द बीम, आणि आमच्या घरी पोरगा झोपायच्या आधी होमवर्कचं सोडून "बीम लागला का" एवढंच विचारायचा. तो झोत आमच्या फॉल्समहून दिसतो की नाही यावर मित्रांत अजून वाद आहे. पहिल्या राउंडला (सातपैकी चार जिंकेल तो पुढे) समोर कोण, तर वॉरियर्स. ते सहावे, आम्ही तिसरे, पण ते आदल्या वर्षीचे चॅम्पियन त्यामुळे टीव्हीवरचा जो तो त्यांच्याच बाजूने. वरचा नंबर असूनही बिचारे आम्हीच.

वरळीनाका

किंग्ज म्हटल्यावर राहवलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोमला किंग्ज आणि इंडियाना पेसर्स आले होते, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅचेस, प्रीसीझनच्या का असेना. पहिल्या दिवशी स्टँडमधे सगळी शाळेतली मुलं होती आणि किंग्ज ओव्हरटाइममधे एका पॉइंटने हरले, १३२-१३१. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर सरळ १३०-१०६. आमच्या गावात येऊन दोन्ही हरून गेले आणि मी तिथून निघताना त्यांचा झालो होतो, का ते विचारू नका, फॉक्सचा स्पीड समोरून बघितलाय का कधी? बूट करकरतात तो आवाज पण मागून येतो असं वाटतं.

मग ते प्लेऑफ. पहिली मॅच आपल्याकडे रविवारी सकाळी सहाला. आईला वाटलं पोरगं सुधारलं, लवकर उठायला लागलं, कौतुकाने पोहे केले. फॉक्स ३८, आम्ही १२६-१२३. शेवटच्या मिनिटाला मी जो ओरडलो त्याने खालचे काका वर आले, त्यांना सगळं समजावलं तर म्हणाले, अरे पण ही फायनल आहे का? म्हटलं नाही काका, पहिला राउंड. ते काही न बोलता पोहे खाऊन गेले.

जुनाओकलंड

वॉरियर्सवाला आहे, शिव्या घाला पण आधी वाचा. आता आम्हाला सगळे बँडवॅगनवाले (टीम जिंकायला लागल्यावर आलेले) म्हणतात, म्हणा, पण स्टार स्टेफ करीच्या आधी आमचे दिवस काय होते ते माहितीये का? २००७ च्या आधी १२ सीझन प्लेऑफ नाही. त्या वर्षी जानेवारीत इंडियानाशी ट्रेड झाला, स्टीफन जॅक्सन आणि अल हॅरिंग्टन आले, आणि मार्चपासून टीमला काय झालं देव जाणे, जिंकतच सुटली. शेवटच्या दिवशी पोर्टलंडला हरवून ४२-४० वर आठव्या नंबरने आत. समोर डॅलस, ६७ मॅच जिंकलेली टीम, नोविट्झकी त्या वर्षीचा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). पण आमचा कोच डॉन नेल्सन, जो आधी डॅलसचाच कोच होता, त्याला नोविट्झकीची नस न नस माहीत. बुटके, चपळ पोरं अंगावर सोडली त्याच्या. ४-२ ने घरी पाठवलं!

सहावी मॅच मी आमच्या ओरॅकल ॲरेनात बघितली. बार्ट ट्रेनमधेच सगळा डबा पिवळ्या टीशर्टचा, वुई बिलीव्ह. जॅक्सनने सात थ्री (तीन पॉइंटचे शॉट) मारले, थर्ड क्वार्टरनंतर कोणी बसलंच नाही, शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझी मान काखेत धरून ठेवली होती आणि मीही ती सोडवून घेतली नाही. पुढच्या राउंडला युटाने ४-१ ने धुतलं. त्यातही बॅरन डेव्हिसने किरिलेंकोच्या डोक्यावरून मारलेला तो डंक, बास. नंतरच्या चार ट्रॉफ्या छान आहेत, पण खरं सांगू का, मला विचाराल तर २००७.

घुंगुरमाळ

@सॅकवासी, अहो भाऊ, तुम्ही वॉरियर्सविरुद्धच्या चौथ्या मॅचवर आलाच नाहीत, मुद्दाम टाळलंत ना? मी लिहिते. २-० ने पुढे असताना २-१ झालेलं. चौथ्या मॅचमधे शेवटी करीने टाइमआउट शिल्लक नसताना टाइमआउट मागितला, टेक्निकल फाउल, आम्हाला एक फ्री थ्रो. मग फॉक्सचा थ्री, १२६-१२५, ते एकाने पुढे. बॉल परत आमच्याकडे, दहा सेकंद. फॉक्सवर दोघं धावले, त्याने हॅरिसन बार्न्सला दिला, बार्न्स मोकळा, आणि तो बॉल हवेत असताना आमच्या हॉलमधे कोणी श्वास घेत नव्हतं. रिंगला लागून बाहेर. हाच बार्न्स आधी वॉरियर्सकडून चॅम्पियन झालेला, त्याचा राग नाही, योग्य पास होता, योग्य शॉट होता.

आमच्याकडे सासूबाईंनी गावाहून आणलेली बैलांची घुंगुरमाळ आहे, किंग्जच्या जुन्या ॲरेनात लोक गाईच्या घंटा वाजवायचे ना, म्हणून आम्ही ती वाजवतो. लेकर्सचा तेव्हाचा कोच फिल जॅक्सन याने गावाला अडाणी म्हणून हिणवलं तेव्हापासूनची ती घंटांची परंपरा. त्यात फॉक्सच्या शूटिंगच्या हाताचं बोट फ्रॅक्चर, तरी पोरगा खेळला. सहावी मॅच त्यांच्या घरी जिंकून आलो, सातवी आपल्याकडे, हाफटाइमला दोन पॉइंटने पुढे, माळ जोरात चालू. मग करीने ५० टाकले. सातव्या मॅचमधे तोवर कुणीच टाकले नव्हते. आणि तो त्यांचा लूनी, २१ रिबाउंड, आमचा बॉल हुकला की हा तिथे, त्यांचा हुकला तरी हाच. सासूबाई म्हणाल्या, "त्या उंच मुलाला कोणी अडवत का नाही?" ब्राउनला इमेल करायला हवा होता त्यांनी.

मायामीकर

मायामी हीट, २०२३. लोक म्हणतील हीट कसली बिचारी, तीन टायटल आहेत. पण त्या वर्षी प्ले-इनची (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या मॅचेस) पहिली मॅच हरलो, दुसरीत शिकागोला कसंबसं हरवून आठवे. मग मिलवॉकीला ४-१, जिमी बटलरचे एका मॅचमधे ५६, मग निक्स, मग बॉस्टनशी ३-० वरून ३-३ करून घेतलं. सहावी मॅच ०.१ सेकंद उरले असताना डेरिक व्हाइटने घालवली आणि मी दोन दिवस नवऱ्याशी धड बोलले नाही, तो बॉस्टनचा. सातवी आम्ही जिंकलो, बॉस्टनला जाऊन. फायनलला डेन्वरने ४-१. नवरा पाचही मॅच डेन्वरच्या बाजूने बसला होता, नोंद असावी.

सॅकवासी

@घुंगुरमाळ ताई, हो, टाळलंच होतं. २०२४ ला प्ले-इनमधे वॉरियर्सना ११८-९४ ने काढलं तेव्हा थोडं बरं वाटलं, मग लगेच न्यू ऑर्लिन्सशी हरलो. त्यानंतर ब्राउनला काढलं, २०२५ च्या फेब्रुवारीत फॉक्स स्पर्सला गेला. पोराने जर्सी काढायची नाही असं ठरवलंय, लहान होत चाललीये तरी.

@वरळीनाका, दादा, खालचे काका आता बघतात का?

वरळीनाका

बघतात. लेकर्स.