मदत हवी आहे : गाठींच्या थप्पीआड बसलेल्या रोगला फायरबॉल लागतो का?

तुरीचा_दाणा (जळगाव)
आम्ही पाच जण दर रविवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा कल्पित साहसांचा खेळ) खेळतो आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे. गेल्या रविवारी जादूगाराने दारात उभे राहून कापसाच्या गोदामात फायरबॉल (आगीचा गोळा फोडणारा मंत्र) टाकला, तेव्हा आमचाच रोग गाठींच्या थप्पीआड दबा धरून बसला होता. (रोग म्हणजे चोर; ‘रोगला आधी बरे करा’ हे ऐकून माझी आई दोनदा वर येऊन गेली.) नुकसान ३१ आले, त्याचे २४ प्राणगुण उरले होते आणि सेव्ह (बचावाचा फासा) १२ वर फसला, म्हणजे तो आडवा झाला. त्याचे म्हणणे असे की जादूगाराला तो दिसतच नव्हता, त्यामुळे पूर्ण आडोसा धरून त्याला झळही लागू नये. जादूगार म्हणतो की आग कोपऱ्यावरून वळते. खेळ तिथेच अडला आहे. रविवारच्या आत हो किंवा नाही एवढेच सांगावे. नियम मी वाचलेले आहेत.

भुसावळ_जंक्शन
आवृत्ती २०१४ची की २०२४ची, आणि रोग कितव्या लेव्हलचा, हे दोन्ही आपण लिहिलेले नाही. सातव्या लेव्हलला रोगला इव्हेजन मिळते. मग सेव्ह जमला तर काहीच नाही आणि फसला तरी निम्मेच नुकसान होते. तसे असेल तर ३१चे १५ होतील आणि आपला वाद इथेच मिटेल.

तुरीचा_दाणा
२०१४ची आवृत्ती, पाचवी लेव्हल. जादूगाराला फायरबॉल पाचव्या लेव्हललाच मिळतो, म्हणून वेगळे लिहिले नाही.

सातपुडा_७७
मग अनकॅनी डॉज वापरा. तो पाचव्या लेव्हलला मिळतो आणि नुकसान निम्मे करतो. आमच्या नंदुरबारच्या गटात आम्ही नेहमी असेच करतो.

भुसावळ_जंक्शन
नेहमी करत असाल तर नेहमी चुकत आहात. अनकॅनी डॉज हा दिसणाऱ्या हल्लेखोराचा हल्ला लागल्यावर वापरायचा असतो. फायरबॉलमध्ये हल्ल्याचा फासा पडतच नाही, समोरच्याला सेव्ह करावा लागतो.

धुळेकर_नाना
आमच्या वेळी, म्हणजे १९७८च्या पुस्तकात, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. फायरबॉल सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापत असे आणि खोली लहान असली तर उरलेली आग वाट मिळेल तिकडे जात असे. गोदामाची मापे द्या म्हणजे सांगतो. माझा अंदाज आहे की रोगच्या आधी दारातला जादूगारच भाजेल, आणि तेच योग्य आहे.

तुरीचा_दाणा
गोदाम ४० फूट लांब, ३० फूट रुंद आणि १५ फूट उंच आहे, पण नाना, आम्ही २०१४चे पुस्तक वापरतो.

धुळेकर_नाना
म्हणजे १८,००० घनफूट. निम्म्याच्या आसपास आग दाराबाहेर गेली असती. असो.

तापीकाठ
दादा, मूळ घोळ वेगळाच आहे. आपण आडोसा जादूगारापासून मोजत आहात. तो मोजायचा असतो आग जिथे फुटते त्या बिंदूपासून. जादूगाराला रोग दिसत होता की नाही, याला फायरबॉलमध्ये काहीही महत्त्व नाही. तो बिंदू नेमका कुठे होता, जमिनीवर की हवेत, आणि थप्पी किती उंच होती, ते सांगा. दहा फूट उंचीवर स्फोट झाला असेल तर सहा फुटी थप्पी डोक्यावरून येणारी आग फारशी अडवणार नाही.

तुरीचा_दाणा
आम्ही पाच फुटांना एक चौकोन धरतो. गाठींच्या जागी काडेपेट्या होत्या, एकीवर एक अशा दोन आणि शेजारी तशाच तीन जोड्या, आणि त्यांना खेटून मागे रोग म्हणून तुरीचा दाणा. जादूगाराने बोट ठेवले ते थप्पीच्या अलीकडे, दाण्यापासून तीन चौकोनांवर. उंची त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही.

भुसावळ_जंक्शन
तीन चौकोन म्हणजे १५ फूट. फायरबॉलची त्रिज्या २० फूट असते आणि आग कोपऱ्यावरून वळते असे मंत्रातच लिहिलेले आहे, त्यामुळे रोग आगीत सापडतो. पूर्ण आडोसा त्याला वाचवत नाही. जादूगाराचा डीसी (सेव्हला गाठावा लागणारा आकडा) किती?

तुरीचा_दाणा
१५.

तापीकाठ
मग सगळे आडोशाच्या बोनसवर आले. अर्ध्या आडोशाला डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्हवर २ मिळतात, पाऊण आडोशाला ५. रोगचे १२ होते. अर्धा धरला तर १४, म्हणजे फसला. पाऊण धरला तर १७, म्हणजे जमला, आणि निम्मे, म्हणजे १५ नुकसान घेऊन तो ९ वर उभा राहतो.

भुसावळ_जंक्शन
पण तो पूर्ण आडोशात होता आणि पूर्ण आडोशाला पुस्तकात असा बोनसच दिलेला नाही. आग वळून आली म्हटल्यावर आडोसा उरलाच कुठे? १२ म्हणजे १२.

तापीकाठ
म्हणजे डोके बाहेर काढून पाऊण लपलेल्याला ५ आणि नखशिखान्त लपलेल्याला शून्य? अक्षराला धरून हा अर्थ निघतो हे मान्य, पण टेबलावरचा कोणीही शहाणा खेळाडू तो मान्य करणार नाही. मी डीएम असतो तर पाऊण धरून ५ दिले असते.

कपाशीवाला
मी खेळत नाही, पण वीस वर्षे जिनिंगमध्ये आहे म्हणून लिहितो. प्रेस केलेली गाठ १७० किलोची असते. ती भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते आणि वरून पाणी मारून विझली असे वाटले तरी पुन्हा धूर येतो. सुटा कापूस मात्र क्षणात पेट घेतो. आपल्या गोदामात गाठी होत्या की सुटा माल होता, हे कोणीच विचारलेले नाही.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, प्रश्न तो नाही.

तापीकाठ
आहे थोडासा. कोणी अंगावर किंवा हातात न बाळगलेली ज्वलनशील वस्तू फायरबॉलने पेटते, हेही मंत्रातच आहे.

तुरीचा_दाणा
जादूगाराला फोन केला. त्याने बिंदू जमिनीलगत धरला होता, हवेत नव्हे. मी पाऊण आडोसा देतो आहे, रोग ९ वर उभा आहे. गाठी पेटल्या असेही धरतो. आता तो पेटलेल्या थप्पीला पाठ लावून बसला आहे हे त्याला रविवारी सांगायचे आहे.

कपाशीवाला
त्याच्या पायाखाली सुटा कापूस होता का, तेवढे आधी ठरवा.