आजोबांची तीन चित्रं लिलावाला द्यायची आहेत: कुठे आणि कधी?

अनगोळकरीण
बेळगावच्या घरात आजोबांनी विकत घेतलेली तीन चित्रं आहेत. चित्रकार कोल्हापूर परंपरेतले, आता हयात नाहीत. दोन तैलचित्रं 24 बाय 30 इंचांची, सहीखाली 1938. तिसरं जलरंगातलं, त्यावर 1922. एका तैलचित्राच्या खालच्या कोपऱ्यात बुरशीचे डाग आलेत. गावातला एक व्यापारी तिन्ही एकदम रोखीत घ्यायला तयार आहे, पण आम्हा तिघा भावंडांना लिलाव बरा वाटतो. मुंबईला द्यावीत का? दिवाळीआधी उरकावं की थांबावं? आणि सगळं वजा जाता हातात किती येतं?

कॅनव्हासची मागची बाजू
ताई, लिलावगृहाचं नाव किती मोठं यावर जाऊ नका. याच चित्रकाराची कामं मागच्या पाच-सात वर्षांत कुठे विकली गेली ते शोधा. सॅफ्रनआर्ट, पंडोल, अस्तागुरू या मुंबईच्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुने निकाल बघता येतात. शोधताना माध्यम, आकार आणि विषय जुळवून घ्या. त्याच हाताचं मोठं व्यक्तिचित्र आणि लहान निसर्गचित्र यांचे भाव एकमेकांना लावायचे नसतात. न विकलेली कामंही मोजा. कॅटलॉगमध्ये क्रमांक आहे आणि निकालात किंमत नाही, असं दिसलं तर बहुधा बोली राखीव किमतीपर्यंत, म्हणजे ज्याखाली चित्र विकायचं नाही असं ठरलेल्या आकड्यापर्यंत, पोचलेली नसते.

कोणत्या लिलावात चित्र बसतंय हेही महत्त्वाचं. हुसेन-रझांसारख्या आधुनिक चित्रकारांच्या मोठ्या लिलावात 1938 चं कोल्हापुरी तैलचित्र मागे पडतं, कारण तिथला ग्राहक वेगळ्याच कामासाठी आलेला असतो. धुरंधर, हळदणकर, बाबूराव पेंटर यांच्या पिढीची कामं एकत्र असलेला लिलाव मागा. बेळगावातच लोकांना जास्त ठाऊक असलेल्या चित्रकाराचं काम असतं, उदाहरणार्थ के. बी. कुलकर्णींचं, तर इथल्या संग्राहकाला थेट विकण्याचा विचार मीही केला असता. तुमचं तसं नाही.

दोन-तीन लिलावगृहांना एकाच वेळी फोटो पाठवून किमतीचा अंदाज मागवा. संपूर्ण पुढची बाजू, संपूर्ण मागची बाजू, सही जवळून, चारही कडा, आणि एका बाजूने तिरका उजेड टाकून एक फोटो. तिरक्या उजेडात रंगाचे पापुद्रे आणि जुनी डागडुजी दिसते. सर्वात मोठा अंदाज देणाऱ्याकडे धावू नका. अंदाज फुगवला की बोली सुरूच होत नाही. न विकलेलं चित्र लगेच पुन्हा लिलावात आलं तर ग्राहक ते ओळखतात आणि भाव पाडून मागतात. मग दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

नाडकचेरी ते नरिमन पॉइंट
कागद आधी. आजोबांच्या नावचं मृत्युपत्र असेल तर उत्तम. नसेल तर नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) वंशवृक्ष काढा आणि तिघा भावंडांचं नोटरी केलेलं संमतीपत्र करा. त्यात एकालाच करार करायचा आणि पैसे घ्यायचा अधिकार द्या. वंशवृक्ष कन्नडमध्ये मिळतो, मुंबईकडे पाठवताना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल. यात महिना सहज जातो.

1922 च्या जलरंगाकडे नीट लक्ष द्या. पुरावशेष व कलानिधी कायदा, 1972 प्रमाणे शंभर वर्षं झालेलं चित्र पुरावशेष ठरतं. त्याची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद लागते, विकल्यावर मालकी बदलल्याचं कळवावं लागतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून ते फक्त भारतातल्या ग्राहकालाच जाईल. नोंद झाल्याशिवाय चांगलं लिलावगृह ते घेणारच नाही. तैलचित्रं त्याच्यासाठी अडकवून ठेवू नका, ती वेगळी पाठवा.

रोखीचं म्हणाल तर एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा. घेणाऱ्या तुम्ही असाल.

घरातलं चित्र म्हणजे वैयक्तिक वापराची वस्तू, म्हणून कर नाही, असं बरेच जण समजतात. चित्रं त्या सवलतीतून वगळलेली आहेत. दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, वर अधिभार-उपकर. वारशात आलेल्या चित्राची खरेदी किंमत म्हणजे आजोबांनी दिलेली किंमत. 2001 च्या आधीची खरेदी असल्याने 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य धरता येतं. ते नोंदणीकृत मूल्यांककाकडून लिहून घ्या, त्यानेच करपात्र नफा बराच खाली येतो.

आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही: कॉपीराइट कायद्याच्या कलम 53अ प्रमाणे मूळ चित्र 10,000 रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराच्या वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त 10 टक्के. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, तेवढाच काळ हा हक्कही असतो. करारात हा हिस्सा कोण देणार ते विचारून ठेवा.

हातोडा
हातात किती येतं ते एका नमुन्यावर मांडतो, दर लिलावगृहागणिक बदलतात. बोली 4,00,000 ला थांबली. विक्रेत्याचं कमिशन 10 टक्के, म्हणजे 40,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 7,200. विमा 1 टक्का धरला तर 4,000. पेटी आणि वाहतूक 12,000. उरले 3,36,800, कर अजून बाकी.

ग्राहकाची बाजू पण बघा. लिलावगृहाने त्याच्याकडून बोलीवर 20 टक्के प्रीमियम, म्हणजे आपला आकार, घेतला तर 80,000 आणि त्यावर जीएसटी 14,400, म्हणजे तो 4,94,400 देतो, चित्रावरचा जीएसटी वेगळा. ज्याची मर्यादा 5 लाख आहे तो 4 लाखांच्या पुढे बोलतच नाही. म्हणून राखीव किंमत ठरवताना ग्राहकाच्या खिशाचा हिशोब धरा. अंदाज खालचा आणि वरचा अशा दोन आकड्यांत देतात; राखीव किंमत खालच्या अंदाजापेक्षा वर ठेवायची नसते. मी ती खालच्या अंदाजाच्या 80-90 टक्क्यांवर ठेवायला सांगेन.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: न विकल्यास परतीचा खर्च कुणाचा, मधेच काढून घेतल्यास किती आकार, आणि पैसे किती दिवसांत. ग्राहकाने पैसे भरल्याशिवाय तुम्हाला मिळत नाहीत, महिना-दीड महिना धराच. कमिशनवर घासाघीस करा, दोन चित्रं एकत्र असली की कमी करतात.

कॅनव्हासची मागची बाजू
वेळेबद्दल. लिलावाच्या दोन-तीन महिने आधी चित्र त्यांच्या हातात लागतं, कारण तपासणी, फोटो आणि कॅटलॉगला तेवढा वेळ जातो. डिसेंबरचा लिलाव पकडायचा तर चित्र सप्टेंबरात निघायला हवं, आणि तेव्हा आपल्याकडे हवा अजून ओली असते. मार्चचा धरलात तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत पाठवता येतं, आणि मधल्या काळात कागदही होतात. दिवाळीआधीची घाई सोडा.

बुरशीला हात लावू नका. ओलं फडकं, बटाटा, लिंबू, स्पिरिट, काहीही नको. चित्र भिंतीपासून दूर, कोरड्या खोलीत उभं ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र किंवा बंगळूरचं इंटॅक (वारसा जपणारी संस्था) आणि चित्रकला परिषदेचं केंद्र यांचं मत घ्या, पण स्वच्छ करून घेण्याआधी लिलावगृहाला विचारा. जास्त साफ केलेलं चित्र डागाळलेल्या चित्रापेक्षा वाईट विकतं.

जुनी चौकट आणि मागचा पुठ्ठा बदलू नका. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, चौकटवाल्याचा शिक्का, पेन्सिलीत लिहिलेली किंमत, हा सगळा पुरावा असतो. भिंतीवर चित्र दिसणारा लग्नातला जुना फोटो, आजोबांची पावती, एखाद्या जुन्या दिवाळी अंकात छापलेलं तेच चित्र, जे सापडेल ते जोडा. सही भिंगाने पाहा: सहीचा रंग जुन्या भेगांच्या आत उतरलेला असेल तर ती नंतर केलेली असण्याची शक्यता मोठी.

अनगोळकरीण
आम्ही मार्चचंच धरतो. पॅकिंग इथल्या सुताराकडून करून घेतलं तर चालेल?

हातोडा
चालेल, पेटी त्याची, आतलं तुम्ही. रंगाला प्लास्टिक किंवा बबल रॅप थेट टेकू देऊ नका, उष्णतेने त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ) कागद, मग चारही कोपऱ्यांना फोम, मग बबल रॅप फुगे बाहेर ठेवून. पेटी 9 ते 12 मिमी प्लायची, प्रत्येक बाजूला 2 इंच मोकळी, झाकण खिळ्यांनी नको, स्क्रूने. जलरंग नोंद झाल्यावर जाईल तेव्हा त्याच्या काचेवर मास्किंग टेपच्या फुल्या मारा, फुटली तरी तुकडे कागदावर येणार नाहीत. तैलचित्रं पेटीत उभी, समोरासमोर नाहीत, मधे पुठ्ठा. विमा पेटी घरातून उचलल्यापासूनचा मागा, लिलावगृहात पोचल्यापासूनचा नको. निपाणी-कोल्हापूर-पुणे मार्गे रात्रीच्या मालवाहू गाडीत दहा जणांच्या सामानाखाली टाकू देऊ नका. कलावस्तू नेणारी गाडी लिलावगृहालाच सुचवायला सांगा, आणि पेटी बंद करण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा तारखेसह फोटो घ्या.