मध्ययुगीन युरोप: राजे आणि पोप पाठ झाले, माणसं कुठे भेटतात?

बाहेरून_एमए
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून बाहेरून एमए करतोय, इतिहास घेऊन. या वेळी मध्ययुगीन युरोपचा समाज, चर्च आणि संस्कृती असा पेपर आहे. गाईड आहे, नोट्स आहेत, सरंजामशाहीचा तो पिरॅमिड झोपेतही काढून दाखवेन. १०७७ ला जर्मन राजा चौथा हेन्री कनोसाच्या किल्ल्याबाहेर पोपची माफी मागत थंडीत तीन दिवस उभा, १०९५ ला पोप दुसरा अर्बन क्लेरमाँला भाषण करतो आणि क्रुसेड, म्हणजे धर्मयुद्ध, सुरू, सगळं पाठ. पण गाईडमध्ये दर दोन पानांनी "चर्चचे समाजावर वर्चस्व होते" असं वाक्य येतं आणि मला तिथेच अडायला होतं. वर्चस्व होतं म्हणजे खेड्यातल्या एखाद्या बाईच्या दिवसात त्यामुळे नेमकं काय होत होतं? ती काय खायची, कोणाशी भांडायची, चर्चमधल्या पाद्र्याबद्दल मागून काय बोलायची? असं काही वाचायला मिळतं का, की ते सगळं गेलंच आणि आता फक्त पोपच शिल्लक आहेत? लॅटिन शून्य, इंग्रजी बऱ्यापैकी. परीक्षेला अडीच महिने आहेत.

सदाशिव_पण_पेठेतला_नाही
अंधारयुग होतं ते. हजार वर्षं पाद्री सांगतील ते ऐकायचं आणि वास मारायचा. पेपरात एवढंच लिहा, पास व्हाल.

डोंगरवाट
सदाशिवराव, बोलोन्या आणि पॅरिसची विद्यापीठं त्याच अंधारात उघडली आणि तुमच्या नाकावरचा चष्मा पण इटलीत तेराव्या शतकाच्या शेवटी निघाला, त्यामुळे जरा दमानं.

बाहेरून_एमए, तुम्हाला हवीय तशी बाई आहे. नाव बेआत्रिस द प्लानिसोल. फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज डोंगरात मोंतायू नावाचं गाव आहे, तेव्हा जेमतेम दोनअडीचशे वस्तीचं. त्या भागात कॅथर पंथ टिकून होता. त्यांचं म्हणणं असं की हे दिसणारं जग देवाने नाही, सैतानाने केलंय, त्यांचे साधुलोक मांस, अंडी, चीज काही खायचे नाहीत, आणि रोमच्या चर्चला ते मानायचे नाहीत. चर्चच्या लेखी हे पाखंडी. तर पामिए इथला बिशप झाक फूर्निये याने १३१८ ते १३२५ या काळात या लोकांना एकेक करून बोलावलं आणि चौकशी केली. माणूस प्रचंड चिवट, तासन् तास विचारायचा, आणि फक्त "तू पाखंडी आहेस का" एवढंच नाही तर कोण कोणाकडे गेलं, चुलीपाशी कोण बसलं होतं, जेवायला काय होतं, तेव्हा कोण काय म्हणालं, सगळं. ते सगळं लिहून ठेवलं गेलं. पुढे हाच फूर्निये १३३४ ला बारावा बेनेडिक्ट म्हणून पोप झाला, म्हणून ते बाड व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जाऊन पडलं आणि वाचलं.

त्यात काय काय आहे! बायका उन्हात बसून एकमेकींच्या नाहीतर मुलाबाळांच्या उवा काढतायत आणि त्याच वेळी आत्म्याचं काय होतं यावर बोलतायत. पिएर मोरी म्हणून मेंढपाळ आहे, उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वर डोंगरात आणि हिवाळ्यात खाली कॅटलोनियाकडे, घर नाही दार नाही आणि त्याला त्याचं दुःखही नाही (दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आपले धनगर आठवले मला, फरक इतकाच की आपल्याकडे त्यांचा जबाब कोणी लिहून ठेवला नाही). आणि गावचा पाद्री पिएर क्लर्ग. हा चर्चचा माणूस, आतून कॅथरांना सामील, शिवाय चौकशीवाल्यांना बातम्या पुरवणारा, शिवाय गावातल्या बऱ्याच बायकांशी भानगडी. बेआत्रिस त्यातलीच एक, किल्लेदाराची विधवा. क्लर्गचा भाऊ वसुली करणारा अधिकारी. म्हणजे धर्म एका भावाकडे, महसूल दुसऱ्याकडे. तुमचं "चर्चचे वर्चस्व" खेड्यात उतरतं तेव्हा ते असं एका घराण्याचं वर्चस्व होऊन बसतं, हे मला ते वाचून कळलं.

बेआत्रिसला पकडलं तेव्हा तिच्या पिशवीत काय सापडलं माहितीये? तिच्या नातवंडांच्या वाळलेल्या नाळा. विचारलं हे काय, तर म्हणाली, ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू बाईने सांगितलं होतं की या जवळ ठेवल्या की कोर्टात केस हरत नाही.

बाहेरून_एमए
बापरे. आणि केस?

डोंगरवाट
हरली. मार्च १३२१ ला तुरुंगात, पुढच्या वर्षी सोडलं पण कपड्यांवर पिवळे क्रॉस शिवून हिंडायचं, सगळ्यांना दिसले पाहिजेत असे. क्लर्ग पाद्री तुरुंगातच मेला. जाळलं मात्र फूर्नियेने फार थोड्यांना, पाच जणांना, लोकांना वाटतं रोज होळी पेटायची तसं नव्हतं ते.

निवृत्त_बेंचक्लार्क
मी इतिहासाचा माणूस नाही. तालुका कोर्टात नोकरी केली, तीस वर्षं जबाब टाईप केले, म्हणून बोलतो. वरचं वाचून मजा आली पण एक सांगतो, जबाब म्हणजे माणूस बोलला ते नव्हे. आमच्याकडे साक्षीदार म्हणायचा "मायला त्यानं काठी हाणली बघा" आणि कागदावर उमटायचं "आरोपीने काठीने मारहाण केली, हे म्हणणे खरे आहे." माणूस तोच, पण वाक्य माझं आणि साहेबांचं. तर या तुमच्या बाईचं बोलणं कोणी लिहिलं, कोणत्या भाषेत, आणि तिला वाचून दाखवलं का, हे आधी बघा. दुसरं म्हणजे प्रश्न काय होता ते बघा. साहेब जे विचारत नाहीत ते फायलीत कधीच येत नाही.

डोंगरवाट
काका, नेमकं बोललात, सलाम. ती बोलली ऑक्सितान, म्हणजे तिकडची बोली. कारकुनाने टिपणं काढली, मग मसुदा झाला लॅटिनमध्ये, मग तो पुन्हा त्यांच्या बोलीत सांगून दुरुस्त्या विचारल्या जायच्या, आणि शेवटी चर्मपत्रावर पक्की प्रत. म्हणजे भाषा दोनदा बदलली. वर जीवाची भीती. १३०८ ला तर आधीच्या चौकशीवाल्याने गावातली जवळजवळ सगळी मोठी माणसं उचलून नेली होती, हे ज्याने पाहिलंय तो बिशपपुढे किती मोकळं बोलेल? तरीपण नाळेसारखी गोष्ट कारकून आपल्या मनाने घालणार नाही असं मला वाटतं. जिथे उत्तर प्रश्नाच्या बाहेर सांडतं तिथे माणूस दिसतो, माझा तरी अंदाज असा.

आणि बाहेरून_एमए, पेपरसाठी याच्याशी १२१५ ची चौथी लॅटरन परिषद जोडा. तिथे ठरलं की जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या गावच्या पाद्र्यापुढे पापं कबूल करायचीच. गोव्यात कुमसार म्हणतात ते हेच. म्हणजे स्वतःच्या आत डोकावून ते दुसऱ्याला शब्दात सांगायची सवय अख्ख्या समाजाला सक्तीने लागली, आणि फूर्नियेपुढे लोक एवढं सविस्तर बोलू शकले त्यात या शंभर वर्षांच्या सवयीचाही हात असावा. त्याच परिषदेने पाद्र्यांना अग्निदिव्यात भाग घ्यायला बंदी केली, मग न्यायनिवाड्याला साक्षी, जबाब, कागद लागायला लागले. काकांची नोकरी तिथून सुरू झाली म्हणा.

शिवाय दशांश विसरू नका, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. त्या डोंगरात कोकरांवरच्या दशांशावरून लोक इतके भडकले होते की बिशपबद्दल वाट्टेल ते बोलून बसले आणि त्यावरूनही चौकशीला उभे राहिले. पाखंड कुठे संपतं आणि करावरचा राग कुठे सुरू होतो ते त्यात सांगता येत नाही.

वसईवाला
उशिरा आलो. वर १३२१ साल वाचलं आणि राहवलं नाही. बेआत्रिस तुरुंगात गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल १३२१ ला, चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचे, साधू मारले गेले आपल्या ठाण्यात! पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी. होर्मुझहून निघाले होते, जायचं होतं कोल्लमला आणि पुढे चीनला, जहाज आलं ठाण्याला. तिथे नेस्टोरियन, म्हणजे रोमला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिश्चनांची थोडी घरं होती, त्यातल्या एका घरी उतरले. त्या घरात नवराबायकोचं भांडण, नवऱ्याने मारलं, बाई काजीकडे गेली, साक्षीदार कोण तर हे पाहुणे. साक्षीला गेले आणि विषय धर्मावर घसरला, त्यातून जीव गेला. त्यांचा जोडीदार जॉर्डानस नावाचा डोमिनिकन पंथाचा साधू तेव्हा ठाण्यात नव्हता म्हणून वाचला, त्याने प्रेतं सोपाऱ्याला आणून पुरली. त्याची पत्रं आहेत, १३२४ चं तर ठाण्याहूनच लिहिलंय, एकटा पडलोय, माणसं पाठवा म्हणून. १३२९ ला पोपने त्याला कोल्लमचा बिशप केलं.

पण मला आवडतो तो पुढचा भाग. ओडोरिक नावाचा आणखी एक साधू थोड्या वर्षांनी आला, त्याने ती हाडं उकरली, कपड्यात बांधली आणि जहाजाने चीनला घेऊन निघाला. वाटेत वारा पडला. त्याने लिहिलंय की आधी इतर धर्मांच्या लोकांनी आपापल्या देवांना विनवलं, काही होईना, मग आपण गुपचूप एक हाड समुद्रात टाकलं आणि वारा सुटला. आता हसा नाहीतर विश्वास ठेवा, पण संतांची हाडं म्हणजे त्या लोकांसाठी काय होतं हे यापेक्षा स्वच्छ कोणतं गाईड सांगणार? मी नालासोपाऱ्याला स्टेशनवरून जाताना दर वेळी हाच विचार करतो आणि गर्दीत माझा स्टॉप जातो.

आल्प्सकडची_मावशी
मी स्वित्झर्लंडला असते. सांक्ट गालेनच्या मठाचं ग्रंथालय बघितलंय, आत जाताना बुटांवर फेल्टच्या मोठ्या सपाता चढवायला देतात, लाकडी फरशी खराब होऊ नये म्हणून, आणि सगळे पेंग्विनसारखे घसरत चालतात. तिथल्या संग्रहात नवव्या शतकातला एका आदर्श मठाचा नकाशा आहे, चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला. नकाशा नेटवर बघायला मिळतो, लॅटिन नको काही नको. बघा त्यात काय आहे: बेकरी, बिअर गाळायची जागा, आजाऱ्यांची खोली, औषधी वाफे, कोंबड्यांचं घर वेगळं आणि हंसांचं वेगळं. दफनभूमीत थडग्यांच्या मधे मधे फळझाडं! एवढी जागा वाया कशाला घालवा. चर्च म्हणजे नुसती प्रार्थना नाही, केवढा मोठा प्रपंच होता ते एका नजरेत कळतं. आणि तो टिकला का, तर पुढे बाराव्या शतकात कोणीतरी मागच्या कोऱ्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र लिहून काढलं आणि घडी घालून पुस्तकासारखा ठेवून दिला. आमच्या आजीने लग्नपत्रिकांच्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या केल्या त्याच हिशोबाने.

बाहेरून_एमए
सगळ्यांचे आभार, ऑफिसात बसून हे वाचलं, काम झालं नाही. ठरवलं असं की फूर्नियेच्या जबाबांचं इंग्रजी जेवढं मिळेल तेवढं आधी वाचतो, बेआत्रिसपासून, आणि काकांनी सांगितलं तसं प्रत्येक उत्तराच्या आधी प्रश्न काय असेल तो वहीत लिहितो. नकाशा प्रिंट काढून भिंतीला लावलाय. जॉर्डानसची पत्रं नंतर.

बाय द वे आईला नाळेची गोष्ट सांगितली. ती म्हणाली त्यात काय एवढं, तुझी पण आहे कपाटात, हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत. आता तुला कोर्टात जायचं नसेल तर टाकून देऊ का, असं विचारतेय.

निवृत्त_बेंचक्लार्क
टाकू देऊ नका. जमिनीची केस कधी उभी राहील सांगता येत नाही.