मदत हवी आहे: वंशावळीतून गाळलेलं एक नाव आणि आमच्या शेतातला 'देवीचा तुकडा'

नमस्कार. हे लिहायला बसायला दोन महिने लागले. गाव करवीर तालुक्यातलं, राहायला कोल्हापुरात. नावं कुणाचीच लिहीत नाही, भावकीतली बरीच मंडळी इथं वाचत असतात.

2023 च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली, तेव्हा आमच्या घरचे कागद जमवायचं काम माझ्याकडं आलं. 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे, म्हणून शाळेचे दाखले, कोतवाल बुक, जुने फेरफार असं एकेक बघत गेलो. त्या नादात वंशावळीची ओढ लागली. पणजोबांच्या मागं काही कळेना, म्हणून गेल्या सुगीला हेळवी आला तेव्हा त्याला मुद्दाम सोप्यात बसवून घेतलं.

ज्यांच्याकडं हेळवी येत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कर्नाटकाकडून येणारी ही माणसं पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. पूर्वी बैल घेऊन यायचे, आमच्याकडचा आता मोटरसायकलवर येतो, पण वही तीच. जोंधळे, धोतर, वर दक्षिणा घेऊन त्यानं चालीवर वाचायला सुरुवात केली. पणजोबांची पिढी आली आणि तो म्हणाला, "तीन भाऊ, एक बहीण. बहीण यल्लम्माला सोडली." आमच्या घरच्या वंशावळीत तीन भाऊच आहेत. सोप्यात सगळे गप्प झाले. वडील उठून गोठ्याकडं गेले.

म्हणजे माझ्या आजोबांना सख्खी आत्या होती. वहीतल्या क्रमावरून हिशेब केला तर 1905 च्या आसपास, दहा-बारा वर्षांची असताना तिला देवाला सोडलं असावं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी जोगतिणी-देवदासींच्या प्रथेविरुद्ध कायदा केला तो 1920 ला. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

इथवर असतं तर मी हा धागा काढला नसता. त्या काळी घरोघर असं घडलं असेल असं म्हणून गप्प बसलो असतो. पण आमच्या शेतात 60 गुंठ्यांचा एक तुकडा आहे, त्याला घरात 'देवीचा तुकडा' म्हणतात. का म्हणतात ते कुणी सांगत नव्हतं. मी त्या गटाचे मागचे फेरफार काढले. जमीन आधी त्या आत्याच्या नावावर होती, बहुतेक तिच्या बापानंच लावून दिलेली. 1938 च्या फेरफारानं ती माझ्या पणजोबांच्या नावावर आली. कारण लिहिलंय: मयत, बिनवारस.

आणि कोतवाल बुकात तिच्या मृत्यूची नोंद आहे 1944 ची. नाव तेच, बापाचं नाव तेच, मृत्यूचं कारण ताप.

मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी दोन्ही कागद वाचून दिले. 'मयत' या शब्दावर भिंग धरून ते बराच वेळ थांबले, मग म्हणाले, "शब्द स्पष्ट आहे हो, शंका नाही." सहा वर्षं ती बाई जिवंत होती आणि कागदावर मेलेली होती. हेळव्याच्या वहीत तिला मुलगीही आहे, गडहिंग्लज भागात दिलेली. म्हणजे बिनवारसही नव्हती. त्या तुकड्यात आज आमचा ऊस उभा आहे. माझ्या कॉलेजची फी त्याच उसाच्या बिलातून भरली होती.

मला पणजोबांवर खोटा आळ घ्यायचा नाही. आमच्या भावकीत आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे, त्यामुळं बाप-लेकीच्या नावांची तीच जोडी दुसऱ्या घरातही असू शकते आणि 1944 ची नोंद दुसऱ्याच बाईची निघू शकते. म्हणून आधी खात्री करायची आहे. 1918 ला संस्थानात कुलकर्णी वतन जाऊन तलाठी आले, त्यामुळं 1938 च्या या फेरफाराला तलाठ्याकडं कुणीतरी वर्दी दिली असणार, जबाब झाले असणार. ते कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचे की कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात? संस्थानकाळातल्या फेरफाराचे असे जोडकागद कुणाला मिळालेत का? अर्जात नेमकं काय लिहिलंत? 1949 ला संस्थान विलीन झालं तेव्हा गावची दप्तरं कुठं कुठं गेली हे माहीत असलेलं कुणी असेल तर फार उपकार होतील. आणखी एका जाणकाराकडून मोडी वाचून घ्यायचीय, फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवीन.

वकील मित्र म्हणाला, मुदत कधीच संपलीय, तू निवांत झोप. कायद्याचं तो बघेल, झोप मात्र येत नाही.

खरी अडचण पुढं आहे. तिच्या मुलीची नातवंडं त्याच भागात असल्याचं हेळवी सांगतो. त्यांना गाठायचं का? त्यांनी आपली आजी कुणाची कोण हे आजूबाजूला सांगितलं नसेल, पोरींची लग्नं व्हायची असतील, आणि मी दारात जाऊन उभा राहणार. उद्या गावात बोभाटा झाला तर भोगायचं त्यांनी. दुसरीकडं, त्यांच्या पणजीला जमीन होती आणि ती कशी गेली हे माहीत असूनही मी दडवून ठेवलं, तर पणजोबांत आणि माझ्यात फरक काय? अशा प्रसंगातून कुणी गेलं असेल तर पहिली भेट कशी घेतली, कुणाला मध्ये घातलं, हे कृपा करून सांगा.

घरात विचारावं तर माझी आत्या, वय 82, एवढंच म्हणाली, "कशाला मढं उकरतोस बाबा?"

अपडेट: काल आत्याचा फोन आला. आमच्या देवघरात एक परडी आणि कवड्यांची माळ आहे. घरात कुणी जोगतीण नाही, तरी सौंदत्तीची यात्रा झाली की आत्या दरवर्षी ती परडी घेऊन आंबील यात्रेला ओढ्यावरच्या रेणुकेला जाते. आम्हाला वाटायचं, तिचा नवस असेल. काल म्हणाली, "ती परडी तिचीच. माझ्या आज्जीनं मरताना माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ही रिकामी ठेवू नको, आपण तिचं खाल्लंय."

म्हणजे पणजीला माहीत होतं. मग मी विचारलं, त्या लोकांना भेटायला गेलो तर परडी घेऊन जाऊ का? आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पण येते."

आता जायचं हे ठरलं. आंबील यात्रेच्या आधी जावं असं तिचं म्हणणं आहे. परडी पहिल्याच भेटीत पुढं ठेवावी का, की आधी नुसतं बोलून यावं? ज्यांच्या घरात परडी आहे अशांनी सांगितलं तर बरं होईल.