'स्टेल्थ पार्टी'ला, म्हणजे लपतछपत काम उरकणाऱ्या गटाला, मराठीत काय म्हणाल? गनिमी पथक, छुपी टोळी की आणखी काही?

डोंगरवाट
भाच्यासाठी 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेमची टिपणं मराठीत लिहून देतोय. त्याला गॉब्लिनांच्या (खुज्या राक्षसांच्या) तळात शिरून तिन्ही म्होरक्यांचा काटा काढायचाय, तोही तळावर बोंब न होता. चौघांचा गट ठरला आहे : अस्टेरियन (रोग म्हणजे चोरटा, त्यातला असॅसिन म्हणजे मारेकरी), भाचा स्वतः ग्लूम स्टॉकर रेंजर (अंधारातला शिकारी), शॅडोहार्ट ट्रिकरीवाली क्लेरिक (फसव्या जादूची धर्मोपासक) आणि चौथा भाडोत्री शॅडो मंक (सावल्यांत वावरणारा लढवय्या भिक्षू). मथळा दिला 'गनिमी पथक'. ताई इतिहास शिकवते, तिने तो खोडला. म्हणाली, गनिमी कावा ही अख्ख्या युद्धाची रीत आहे, लपतछपत जाणं हा त्यातला एक तुकडा. तिचा पर्याय 'छुपी टोळी'. मला टोळी म्हटलं की दरोडेखोरच दिसतात. शिवाय 'स्टेल्थ चेक' (लपणं साधलं का ते फासा टाकून ठरवणं) आणि शत्रूपुढे जमिनीवर दिसतो तो लाल पट्टा (त्याची नजर पोचते तेवढी जागा), यांनाही शब्द हवेत.

सोनचाफा
ताईंचं बरोबर आहे. गनिमी काव्यात रसद तोडणं आलं, हूल देणं आलं, शत्रूला अडचणीच्या मुलखात ओढणं आलं. हे सगळं दिवसाढवळ्याही होतं. तुमच्या भाच्याला हवा आहे तो छापा. ५ एप्रिल १६६३च्या रात्री लाल महालात शायिस्तेखानावर पडला तो छापा : स्वयंपाकघराच्या बाजूने आत शिरायचं, काम उरकायचं, गोंधळात निसटायचं. 'छापेकरी' का नको?

अर्धविराम
छापा आता प्राप्तिकर खात्याचा झालाय, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फायली येतील. आणि गनीम हा शब्दच मुळात अरबी-फारसी, अर्थ शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. शत्रूने आपल्याला दिलेलं नाव आपण कौतुकाने मिरवतो, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. सरळ 'गुप्तसंचारी गट' म्हणा. लाल पट्ट्याला 'दृष्टिशंकू'. संस्कृतात घडवलेला शब्द नेमका असतो आणि त्याला जुनी ओझी नसतात.

वीसपैलू
अर्धविराम, शंकू भूमितीत नेमका असेल, पण पट्ट्याजवळ दबकून बसलेला माणूस 'दृष्टिशंकू' म्हणेल का? 'नजरेचा टप्पा' म्हणेल. 'आलास बघ टप्प्यात!' हे तोंडात बसतं.

आणि टप्पा म्हणून भागत नाही, उजेडही मोजावा लागतो. लख्ख उजेडात टप्प्यात पाय पडला की खेळ संपला, चेक वगैरे नाही. अंधुक उजेडात चेक होतो. म्हणून आधी मशाली विझवायच्या. डोंगरवाट, तुमचा गट चांगला आहे, पण 'पास विदाउट ट्रेस' हे लपायचं जादू कोण टाकणार ते ठरवा. त्याने सगळ्यांच्या चेकमध्ये फाशाच्या आकड्यावर १० जास्त मिळतात. हे जादू शॅडोहार्ट आणि मंक दोघांकडेही तिसऱ्या पातळीला येतं, पण त्याला एकाग्रता लागते. मार बसून एकाग्रता तुटली तर चौघेही उघडे पडतील. मी ते मंकला देईन. क्लेरिकला जड चिलखत मात्र घालू नका. ज्या चिलखतांवर स्टेल्थला 'डिसअॅडव्हान्टेज' लिहिलेलं असतं, त्यांत दोन फासे पडतात आणि कमी पडलेला धरतात.

सारीपाट
'चेक'ला शब्द शोधायची गरज काय, तो आपल्याकडे आहेच : दान. आमच्या आजीच्या सोंगट्यांच्या डावात फाशांवर पडायचं ते दान. 'मनासारखं दान पडलं' आपण अजूनही म्हणतो. 'लपण्याचं दान', 'कुलपाचं दान', 'बोलण्याचं दान', सगळीकडे चालेल. भाच्याला एकदा सांगा, तो विसरणार नाही.

अर्धविराम
दान मान्य. हा शब्द मी मनापासून घेतो.

कंदील
रोगला 'भामटा' केलं तर? ठसकेबाज आहे, आणि 'भामटा मारेकरी' म्हणायलाही मजा येते.

रानमेवा
कंदील, कृपया नको. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि तो कायदा १९५२ साली गेला तरी शब्द शिवीसारखा वापरात राहिला. ज्यांच्या आजोबांना रोज पोलीस चौकीत हजेरी लावावी लागली, त्यांच्या नातवंडांपैकीही कुणी हा खेळ खेळत असेल. 'ठक' म्हणा, 'लफंगा' म्हणा, नाहीतर रोग तसाच ठेवा.

कंदील
पटलं. 'ठक' चांगला आहे, आखूडही आहे.

सोनचाफा
मूळ प्रश्नाकडे येते. 'चोर' शब्द जोडून बघा. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, चोरपावलं. रायगडावर चोरदिंडी आहे. यांतल्या एकातही चोरी नाही. तिथे 'चोर' म्हणजे 'सहजी न दिसणारा'. तसंच 'चोरपथक' करता येईल.

वीसपैलू
चोरपथक ऐकून मला चोर पकडणारं पोलीस पथक वाटलं. खरंच सांगतो.

सारीपाट
मलाही. खिसा, वाट, दिंडी या निर्जीव वस्तू आहेत, तिथे 'चोर' लपतो. माणसांच्या घोळक्याला लावला की तो लगेच चोरी करायला लागतो. नियम असा असावा असं मला वाटतं, पण कुणाकडे उलट उदाहरण असेल तर द्या.

सोनचाफा
चोरपावलं कुठे निर्जीव आहेत?

सारीपाट
पाऊल माणसाचं आहे, माणूस नाही.

कंदील
आणखी एक. ज्याला आपला पत्ताच नव्हता त्याच्यावर पहिला वार करतो, त्याला काय? खेळात तो 'सरप्राइझ्ड' होतो, त्याची पहिली खेळी जाते, आणि असॅसिनचा वार अशा शत्रूला लागला की आपोआप 'क्रिटिकल' (नेहमीपेक्षा जबर घाव) धरतात. शत्रूला 'गाफील' म्हणता येईल, पण त्या वाराला?

रानमेवा
धप्पा!

लपाछपीत राज्य असलेल्याच्या मागून जाऊन पाठीत घालतो तो. न दिसता जवळ जाणं, पहिला हात आपला, आणि समोरच्याचा डाव वाया. सगळं त्या एका शब्दात आहे.

अर्धविराम
धप्पा पोरांच्या खेळातला आहे. इथे मुडदे पडतायत. शब्दाचं वजन बघायला हवं.

रानमेवा
मग दानसुद्धा खेळातलंच आहे की. ते तुम्ही मनापासून घेतलंत.

डोंगरवाट
भाच्याला 'धप्पा' भयंकर आवडलाय. टिपणात गेला. 'नजरेचा टप्पा' आणि 'दान'ही गेले. मथळा अजून कोरा आहे. 'दबा' धरून काही होईल का? 'दबेकरी'?

वीसपैलू
दबा एका जागी धरतात. तुमच्या गटाला चालत जायचंय. ग्लूम स्टॉकर दबा धरेल, मंक चोरपावलांनी जाईल, दोन वेगळी कामं आहेत.

सारीपाट
लपाछपीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. 'डबा ऐसपैस'मधलं ऐसपैस हे इंग्रजी 'आय स्पाय'वरून आलं असं आमचे मास्तर सांगायचे. मला ते पटतं. डबा उडवून लपायचं आणि ज्याच्यावर राज्य त्याने नाव घेऊन 'ऐसपैस' ओरडायचं, म्हणजे 'दिसलास'.

अर्धविराम
ऐसपैस हा मराठीत मोकळाढाकळा, प्रशस्त या अर्थाचा शब्द आहेच. ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

सारीपाट
प्रशस्त डबा म्हणजे काय मग? शब्द आधीपासून होता म्हणूनच 'आय स्पाय' त्याच्या साच्यात बसलं असेल.

सोनचाफा
आमच्याकडे कोल्हापूरला हाच खेळ डब्याशिवाय खेळायचे, आणि भोज्याला हात लावला की सुटका. भोज्या कुठून आला हे कुणी सांगेल का? भोजराजाशी संबंध लावणारे बरेच भेटले, मला त्यातलं एकही पटलेलं नाही.